नकाशा दुरुस्त करण्याचा हक्क

जंगलांचे, माळांचे, खाडीकाठांचे नकाशे संगणकावर आले की त्यांचा सांभाळ आपोआप सुधारेल, अशी एक समजूत आज सरकारी सादरीकरणांपासून निसर्गप्रेमींच्या बैठकांपर्यंत सगळीकडे आढळते. उपग्रहाचे चित्र स्पष्ट झाले, जीपीएस प्रत्येकाच्या खिशात आले, ड्रोन भाड्याने मिळू लागले. आता फक्त उरलेसुरले दप्तर डिजिटल करायचे, की झाले. ही समजूत सरळसरळ खोटी नाही, पण उथळ आहे. तिला नकाशा म्हणजे जमिनीचे छायाचित्र वाटते. नकाशा हा प्रत्यक्षात निवाडा असतो. कोणत्या जमिनीला काय म्हणायचे, रेघ कुठून न्यायची आणि कोणती गोष्ट कागदावर घ्यायचीच नाही, हे त्यात आधीच ठरलेले असते.

माझे म्हणणे असे. संरक्षित क्षेत्रातल्या डिजिटल नकाशाची किंमत तो किती बारीक आहे यावरून करू नये. तो चुकला तर दुरुस्त करण्याचा हक्क त्या जमिनीवर रोज चालणाऱ्या माणसाला आहे का, यावरून करावी. हा हक्क नसेल तर नकाशा जितका बारीक, तितकी त्यातली चूक पक्की. हे टप्प्याटप्प्याने मांडतो.

१. रकाना आधी, चित्र नंतर

भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था १९८७ पासून साधारण दर दोन वर्षांनी देशाच्या वनस्थितीचा अहवाल काढते. त्यातली वनाच्छादनाची व्याख्या लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. एक हेक्टर किंवा त्याहून मोठी जमीन, तिचा निदान १० टक्के भाग झाडांच्या छत्राखाली, मग मालकी कुणाचीही असो आणि झाड कोणतेही असो. या व्याख्येत आंबोलीचे सदाहरित रान येते, रत्नागिरीची हापूसची बाग येते आणि दोडामार्गातली रबराची लागवडही येते. छत्र दाट की विरळ हे अहवाल सांगतो. रान की बाग, हे वनाच्छादनाचा आकडा सांगत नाही. २०२३ च्या अहवालात देशाचे वनाच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर, म्हणजे २१.७६ टक्के आहे. रान तोडून तिथे रबर लावले आणि काही वर्षांत त्याचे छत्र भरले, तर हा आकडा जागचा हलणार नाही.

पहिल्या अहवालाच्या वेळी उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवरच्या सुमारे ८० मीटरचा होता. पुढे तो साडेतेवीस मीटरवर आला. चित्र तिपटीहून अधिक बारीक झाले, पण रान आणि बाग यांना एकाच रकान्यात टाकणारी चूक पहिल्या दिवशी होती तशीच राहिली, कारण ती चूक कॅमेऱ्याची नव्हतीच. उद्या अर्ध्या मीटरचे चित्र आले तरी रबराची पाने अधिक सुस्पष्ट दिसतील, एवढेच. तंत्रज्ञान चित्र सुधारते, रकाना सुधारत नाही. रकाना माणसे ठरवतात आणि माणसांनीच तो बदलावा लागतो.

२. पोटखराब्याचा वारसा

हे रकाने आले कुठून? आपल्याकडे याचे उत्तर सातबाऱ्यावर लिहिलेले आहे. मुंबई इलाख्याची जमीनमोजणी गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात सुरू केली. तिचा हेतू स्वच्छ होता: कोणती जमीन किती सारा देईल हे ठरवणे. जी जमीन सारा देत नाही ती हिशेबातून वजा. 'पोटखराब' हा शब्द त्या वजाबाकीतून दप्तरात रुजला. त्या जमिनीवर गुरे चरतात, तिथे पावसाचे पाणी मुरते, तिथे लांडगी पिल्ले घालते, याची नोंद ठेवायचे वसुलीच्या दप्तराला काहीच कारण नव्हते. म्हणून जमीन 'खराब' ठरली.

पुढे दप्तर संगणकावर गेले आणि हा शब्दही सोबत गेला. केंद्र सरकार उपग्रहाच्या आधारे पडीक जमिनींचे नकाशापुस्तक काढते. २०१९ च्या आवृत्तीत पडीक जमिनीचे २३ प्रकार आहेत. झुडपे असलेली जमीनही त्यांत येते. सोलापूर, पुणे, अहिल्यानगर, सातारा इथल्या धनगराला विचारा. तो त्याच जमिनीला माळ म्हणेल, कुरण म्हणेल, गायरान म्हणेल, आणि पवन्या कुठे, कुसळी कुठे, मारवेल कुठे हे बोटाने दाखवेल. त्याच्या बोलीत पाच-सहा नावे आहेत, नकाशात एक, आणि तेही कमीपणाचे.

मधुसूदन आणि अबी वनक या दोन शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात देशातल्या कोरड्या प्रदेशातले खुले नैसर्गिक भूभाग, म्हणजे माळ, झुडपी रान, वाळवंट, घळींचा प्रदेश, उपग्रहाच्याच चित्रांवरून वेगळे काढले. ते देशाच्या भूमीच्या सुमारे १० टक्के भरले, आणि त्यातले ५ टक्क्यांहूनही कमी संरक्षित क्षेत्रात निघाले. चित्रे तीच, सगळ्यांना उपलब्ध असलेली. फरक एवढाच की या दोघांनी 'पडीक' ऐवजी 'माळ' असा रकाना आखून पाहिले. आधीच्या नकाशाकारांना माळ दिसत नव्हता, कारण त्यांनी तो शोधलाच नव्हता.

हा शब्दांचा खेळ नाही. पडीक म्हटले की ती जमीन 'सुधारायला' मोकळी होते. केंद्राच्या 'ग्रीन क्रेडिट' योजनेखाली २०२४ मध्ये जी पद्धत ठरली, तिच्यात ऱ्हास झालेल्या जमिनीवर हेक्टरी निदान ११०० झाडांची अपेक्षा होती. माळावर हेक्टरी ११०० झाडे उभी राहिली तर तो माळ राहणार नाही. चर खणल्यावर गवताची मुळे उखडतात, सावली आल्यावर कुसळी जाते, आणि तिच्यावर जगणारे हरिण, तणमोर, मेंढी सगळेच उठून जातात. नकाशावर मात्र तो तुकडा पिवळ्याचा हिरवा होतो आणि आपण त्याला यश म्हणतो.

एका शब्दात किती ताकद असते याचे दुसरे, उलट्या बाजूचे उदाहरण पूर्व विदर्भातले. महसुली दप्तरात 'झुडपी जंगल' अशी नोंद असलेली ८६,४०९ हेक्टर जमीन वन की अन्य, हा वाद कित्येक दशके चालला, आणि २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वनच असल्याचा निकाल दिला. तो निकाल मुळात दप्तरातल्या नोंदीवर आणि वनकायद्याच्या अर्थावर उभा आहे. वरून घेतलेल्या चित्राने तो ठरलेला नाही. दप्तरातल्या शब्दाने माळ गमावला, तसेच दप्तरातल्या शब्दाने हे झुडपी रान टिकले. म्हणून शब्द कोण लिहितो हा प्रश्न मी आधी घेतो, आणि कॅमेरा कोणता हा नंतर.

३. ढगांखालचा सडा

रकाना बरोबर असला तरी वेळ चुकू शकते. सह्याद्रीच्या माथ्यावरचे जांभ्या दगडाचे सडे घ्या. साताऱ्याजवळचे कास पठार हे त्यातले सर्वांच्या परिचयाचे. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांना जागतिक वारसा मिळाला, त्यात कोयना, चांदोली, राधानगरी यांच्यासह कासही आहे. सडा जगतो तो पावसात. जूनमध्ये ओल धरते, खळग्यांत पाणी साचते, मग गेंद, सीतेची आसवं, कवला, तेरडा एकामागून एक येतात आणि ऑक्टोबरात सगळे वाळून जाते. नेमक्या याच चार महिन्यांत सह्याद्रीवर ढग असतात आणि साध्या प्रकाशचित्र घेणाऱ्या उपग्रहाला खाली काही दिसत नाही. स्वच्छ चित्रे मिळतात ती हिवाळ्या-उन्हाळ्यातली. त्या चित्रात सडा म्हणजे काळा उघडा कातळ. रडारचे उपग्रह ढगाआडूनही पाहतात, पण त्यांना ओल आणि खडबडीतपणा कळतो, सीतेची आसवं कळत नाहीत.

म्हणजे इथे उपग्रहाचे अज्ञान योगायोगाचे नाही, ऋतूंच्या घडीतच ते बसलेले आहे. कितीही पैसा ओतला तरी सड्याचा खरा नकाशा भरपावसात पायी चालूनच होईल. कोकणातल्या सड्यांवरची कातळशिल्पे अशीच, गावोगाव विचारत आणि पायी हिंडत सापडली. उजाड कातळ म्हणून नोंदलेल्या त्या जमिनी आता जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत.

४. जाड चौकट, बारीक ठिपका

माझ्या मते या विषयातला सगळ्यात बोलका धडा पश्चिम घाटाच्या दोन अहवालांत आहे, आणि तो आपण नीट वाचलेला नाही.

माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ गटाने २०११ मध्ये अहवाल दिला. त्यांनी घाट सुमारे नऊ किलोमीटर लांब-रुंद चौकटींत विभागला, प्रत्येक चौकटीला गुण दिले आणि संवेदनशीलतेचे तीन थर सुचवले. एका चौकटीत सुमारे ८० चौरस किलोमीटर. म्हणजे कित्येक गावे, शेते, राया एकाच खणात. नकाशा म्हणून हे भरड काम, आणि तशी टीकाही झाली. पण या भरड नकाशासोबत एक अट होती: हा आराखडा ग्रामसभांपुढे जावा आणि शेवटच्या रेघा तिथल्या चर्चेतून ठराव्यात.

मग कस्तुरीरंगन समिती आली. तिने २०१३ मध्ये सुमारे २४ मीटरच्या ठिपक्यांची उपग्रह चित्रे वापरली, घाटातला माणसाळलेला भाग आणि नैसर्गिक भाग वेगळा काढला, आणि सुमारे ३७ टक्के क्षेत्र, म्हणजे जवळपास ६० हजार चौरस किलोमीटर, संवेदनशील ठरवले. ज्या गावाचा २० टक्के किंवा अधिक भाग त्यात येतो, ते अख्खे गाव यादीत. तांत्रिकदृष्ट्या हा नकाशा गाडगीळांच्या नकाशाहून कितीतरी बारीक. आणि तरीही गावाच्या दृष्टीने तो अधिक बंद. १९ टक्के भरलेले गाव बाहेर, २१ टक्के भरलेले आत. त्या दोन टक्क्यांत रबर किती, रान किती, याचे उत्तर देणारा माणूस गावाच्या हाताशी नाही.

सिंधुदुर्गातल्या सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांतल्या २५ ग्रामसभांनी गाडगीळ गटापुढे ठराव केले होते, की आमचे गाव संवेदनशील क्षेत्रात घ्या. खाणी नकोत, एवढे त्यांचे साधे म्हणणे. लोकांनी आपण होऊन मागितलेले संरक्षण ही आपल्या देशात दुर्मीळ गोष्ट आहे. पुढच्या यादीतून दोडामार्ग तालुका वगळला गेला. बारीक ठिपक्यांच्या नकाशाला ग्रामसभेचा ठराव वाचता येत नव्हता, कारण त्याच्यासाठी रकानाच नव्हता.

गाडगीळांच्या चौकटींवरूनही गैरसमज माजले, हे खरे आहे. चौकट म्हणजेच अंतिम हद्द असे समजून अनेक गावे घाबरली, आणि त्या भीतीला खतपाणी घालणारेही होते. चर्चेसाठी ठेवलेला नकाशा चर्चेसाठीच आहे हे लोकांच्या भाषेत सांगावे लागते, आणि ते काम झाले नाही. पण दोष सांगण्यातला होता. भरड नकाशा दुरुस्तीला खुला होता, आणि सुबक नकाशा बंद. मी पहिला निवडीन.

५. नकाशा कामाला कधी येतो

मी डिजिटल नकाशाच्या विरोधात आहे असा समज होऊ नये, म्हणून कांदळवनांचे उदाहरण. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये कांदळवनांची तोड आणि त्यांवरचा भराव थांबवला आणि उपग्रहाच्या साहाय्याने त्यांचे नकाशे करायला लावले. ते महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राने केले. सरकारी जमिनीवरची कांदळवने वन म्हणून अधिसूचित होऊ लागली, २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला, २०१८ मध्ये अंतिम निकाल आला. मुंबईच्या खाडीकाठावर जे हिरवे उरले आहे, त्यात या नकाशांचा वाटा मोठा आहे.

इथे नकाशा का उपयोगी पडला? एक तर कांदळवन म्हणजे काय यात फारसा वाद नाही. भरतीचे पाणी आणि तिवराची मुळे मिळून रकाना आखून देतात. आणि दुसरे, अधिक महत्त्वाचे: नकाशातला हिरवा तुकडा कोणत्या सर्व्हे नंबरात आहे हे जोडले गेले. गट नंबराशी जोडलेल्या रेघेवर मच्छीमार बोट ठेवून सांगू शकतो की इथे भराव पडला. तुटलेली जागा आणि जबाबदार हात यांची गाठ पडते.

याच्या अगदी उलट माळढोक अभयारण्य. १९७९ मध्ये सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरवर ते जाहीर झाले. त्यात शेते होती, गावे होती, तालुक्याची ठिकाणे होती. जिथे माळढोक कधी उतरला नाही अशा जमिनीवरही निर्बंध आले. तीन दशकांनी ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले, पण तोवर ज्या पक्ष्यासाठी हे केले त्याच्याबद्दल शेतकऱ्याच्या मनात राग साचला होता आणि पक्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतका उरला होता. हा कागदी नकाशाचा काळ, असे म्हणून सुटका होत नाही. तीच रेघ संगणकावर काढली असती तर ती तितकीच चुकली असती, फक्त सेंटीमीटरच्या अचूकतेने.

६. निस्तारपत्रक आणि वनहक्क

जुन्या मध्य प्रांतातल्या, म्हणजे आजच्या पूर्व विदर्भातल्या गावांत निस्तारपत्रक असे. कोणत्या रानातून सरपण आणायचे, गुरे कोणत्या वाटेने न्यायची, माती-मुरूम कुठून काढायचा, याची गावनिहाय नोंद त्यात होती. त्यात तक्ता होता, नकाशा नव्हता. आजच्या डिजिटल पटलावर नकाशा आहे, तो तक्ता नाही. या दोहोंची गाठ घालणे हे आजचे खरे काम आहे, आणि वनहक्क कायद्याने त्याची वाट करून दिली आहे.

२००६ च्या या कायद्याखाली गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये १,००६ हेक्टरवर मिळाला. पाचगावने तेंदूपत्ता तोडणे बंद केले. चांगला फुटवा यावा म्हणून झाडे छाटतात आणि रान पेटवतात, त्यात जंगलाची हानी होते, हे गावाला ठाऊक होते. त्यांनी बांबूवर भर दिला. आता वणव्याचा विचार करा. उपग्रहाला वणवा त्याच दिवशी दिसतो. त्याची सूचना वनरक्षकाच्या मोबाइलवर येते, आणि ही सोय खरोखर मोलाची आहे. पण चित्रात ३७५ मीटरचा तापलेला ठिपका असतो. तो मोहाखालचा पाला जाळल्याने पेटला, तेंदूसाठी पेटवला की बांधावरून पसरला, हे गाव जाणते. विझवायला ठिपका पुरतो. पुढच्या वर्षी पेटूच नये यासाठी कारण लागते, आणि कारणासाठी गाव लागते.

दुसरी बाजू गुजरातेत दिसली. तिथे वनहक्काचे कित्येक दावे उपग्रहाच्या चित्रात शेती दिसत नाही एवढ्यावर फेटाळले गेले. डोंगरउतारावरचे बेताचे शेत, त्यात राखलेली मोहाची झाडे. वरून ते रानासारखेच दिसणार. २०१२ च्या सुधारित नियमांनी स्पष्ट केले की उपग्रहाचे चित्र इतर पुराव्याला जोड म्हणून घ्यावे, त्याच्या जागी घेऊ नये. आणि २०१३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने असे दावे पुन्हा तपासायला लावले. मला अधिक मोलाचे वाटते ते पुढचे: डेडियापाडा भागातल्या आदिवासींनी स्वतः जीपीएस हातात घेऊन शेतांच्या कडेने फेऱ्या मारल्या आणि ती मोजणी त्याच उपग्रह चित्रांवर बसवून दाखवली. तंत्र तेच होते, हात बदलला.

७. आक्षेपांना उत्तर

पहिला आणि खरा आक्षेप: दुरुस्तीचा हक्क दिला तर अतिक्रमण करणारेच नकाशे दुरुस्त करतील. हा धोका आहे, मी तो नाकारत नाही. गावात सगळे सज्जन नसतात. पण नकाशाशी हितसंबंध जोडलेले लोक गावातच असतात असेही नाही. खाणीच्या, रस्त्याच्या, रोपवनाच्या उद्दिष्टाच्या बाजूनेही ते असतात, आणि त्यांच्या दुरुस्त्या आज कुणाला न दिसता होतात. म्हणून दुरुस्ती उघड हवी: कोणी, कधी, कोणत्या ठरावाने रेघ हलवली हे नकाशातच कायम दिसावे. आणि इथे डिजिटल साधन कागदाहून निःसंशय सरस आहे. लँडसॅट उपग्रहांची चित्रे १९७२ पासूनची आहेत आणि २००८ पासून सर्वांना मोफत आहेत. परवा नांगरलेली जमीन पिढ्यान्‌पिढ्यांची म्हणून खपवणाऱ्याला ती उघडे पाडतात.

दुसरा: एवढ्या मोठ्या प्रदेशाच्या नकाशाची गावोगाव पडताळणी कशी व्हायची? सगळी एकदम नको. जिथे नवे निर्बंध येणार किंवा लागवड होणार, तिथे आधी.

तिसरा: निरक्षर माणूस संगणकीय नकाशा कसा भरणार? कलहारीतल्या माग काढणाऱ्यांसाठी १९९० च्या दशकात लुई लीबेनबर्ग यांनी चित्रखुणांवर चालणारे साधन तयार केले. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनी प्राण्यांच्या हालचालींच्या अत्यंत सूक्ष्म नोंदी केल्या. आपल्याकडे व्याघ्र प्रकल्पांत गस्तीची वाट मोबाइलवर नोंदवली जाते, आणि ती नोंदवणाऱ्यांत मेळघाटातल्या कोरकू वनमजुरांसारखी माणसे असतात. त्यांना वाट नोंदवता येते, तर पाणवठ्याचे नावही सांगता येईल. पण ते कुणी विचारत नाही.

चौथ्या आक्षेपाशी मी सहमत आहे: सगळेच उघड करू नये. घरट्यांच्या, दुर्मीळ कंदांच्या, देवराईतल्या जागांचा थर जाहीर पटलावर असू नये. तो ग्रामसभेकडे आणि वनखात्याकडे राहावा.

८. पडताळणीचा ऋतू

पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची सहावी मसुदा अधिसूचना ३१ जुलै २०२४ ला निघाली आणि हरकतींसाठी ६० दिवस मिळाले. महाराष्ट्रात हे क्षेत्र १७,३४० चौरस किलोमीटर आहे. घाटाखालच्या गावांत ते दिवस भाताची लावणी उरकण्याचे आणि मग बेणणीचे. त्या काळात बांधावरचा माणूस गावांच्या यादीवर काय हरकत घेणार? त्याच्या हातात गट नंबर घातलेला, मराठी नावांचा, गावापुरता नकाशा हवा, आणि निदान एक पूर्ण वर्ष हवे. सड्याची फेरी श्रावणात व्हावी, मोहाची आणि वणव्याच्या जागांची मार्चमध्ये, पाणवठ्यांची मे महिन्यात. आणि धनगरांचे वाडे दिवाळीनंतर कोकणाकडे उतरतात, तेव्हा माळाचा नकाशा त्यांच्यापुढे ठेवायचा तर ते उतरण्याआधी.